केसांत मुरलेलं पाणी

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना त्या दिवसांत पोटात गेलेल्या पाण्याची नोंद करत जातो. पाण्यातले काही हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू इतरांपेक्षा जड असतात. समुद्रावरून निघालेला ढग आधी हे जड पाणी सांडतो. म्हणून समुद्रापासून दूर, उंचावर किंवा थंड मुलखात पडणारा पाऊस हलका होत जातो. विहिरी, तलाव, नळ सगळीकडे तीच खूण उतरते.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातील थुर सर्लिंग आणि जेम्स एलरिंगर यांनी 65 शहरांतल्या न्हाव्यांच्या दुकानांतून जमिनीवर पडलेले केस गोळा केले, शिवाय नळाचं पाणीही. 2008 मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की केसांतल्या समस्थानिकांच्या, म्हणजे या जड-हलक्या अणूंच्या, प्रमाणातला सुमारे 85 टक्के फरक स्थानिक पाण्यामुळेच पडतो.

याचा खरा कस लागला तो एका अनोळखी तरुणीच्या बाबतीत. 2000 साली ग्रेट सॉल्ट लेकजवळ तिची थोडी हाडं आणि केस सापडले होते. पोलिसांकडे नाव नव्हतं, गाव नव्हतं. केसाचा टोकापासून मुळापर्यंत तुकड्या-तुकड्याने अभ्यास झाला, तेव्हा मृत्यूपूर्वीच्या सुमारे दोन वर्षांत ती वायव्य अमेरिकेत ये-जा करत होती, हे उमगलं.

या पद्धतीने नेमकं गाव मात्र सांगता येत नाही. दूरदूरच्या प्रदेशांची मापं सारखी निघतात. पण शोधाचं वर्तुळ आवळलं जातं, आणि हे मोलाचं आहे. त्या तरुणीची ओळख अखेर 2012 मध्ये डीएनएवरून पटली. तिचे कुटुंबीय वॉशिंग्टन राज्यातले, म्हणजे वायव्येतलेच निघाले.