व्हिडिओ रूपांतरण
व्हिडिओ रूपांतरण : जुन्या स्वरूपातील व्हिडिओ फाइल आंतरजालावर सुलभपणे पाहता येईल अशा स्वरूपात बदलण्याची क्रिया. अशा फाइलीत चित्र व ध्वनी एकत्र ठेवणारे वेष्टन (उदा., एव्हीआय, एमपी४) आणि त्यांचा संक्षेप करणारी संकेतनपद्धती (उदा., एमपीईजी–२, एच.२६४) या दोन भिन्न बाबी असतात. संकेतन अनुकूल असल्यास केवळ वेष्टन बदलणे पुरते व गुणवत्ता अबाधित राहते. अन्यथा पुन्हा संकेतन करावे लागते. त्यासाठी २००३ मध्ये प्रमाणित झालेली एच.२६४ पद्धती सामान्यतः योजतात.

संक्षेपात लगतच्या चित्रांतील समान भाग पुनःपुन्हा न साठविता केवळ फरक नोंदविला जातो. काशीद (ता. मुरूड, जि. रायगड) येथील किनाऱ्याच्या चित्रणात आकाश व वाळू यांस अल्प माहिती पुरते, फुटणाऱ्या लाटा मात्र प्रत्येक चित्रात बदलत असल्याने त्यांस अधिक माहिती लागते. ती अपुरी पडल्यास लाटांच्या जागी चौकटी दिसतात. जुन्या पाल पद्धतीत चित्राच्या विषम व सम रेषा १/५० सेकंदाच्या अंतराने नोंदल्या जात. त्या तशाच जोडल्यास हलत्या वस्तूंच्या कडा दातेरी दिसतात; म्हणून रूपांतरणात त्यांची विशेष जुळणी करतात.

पुन्हा संकेतन करताना गमावलेला तपशील परत मिळत नाही. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावरील असंख्य झाडे उन्मळून पडली. त्यापूर्वीची चित्रणे आता किनाऱ्याच्या पूर्वरूपाचा पुरावा ठरतात. यास्तव रूपांतरित प्रत प्रसारणासाठी वापरून मूळ फाइल स्वतंत्रपणे जतन करणे आवश्यक असते.