खिशातल्या चिल्लरीचा छंद

नाणी जमविणे हा पैसेवाल्यांचा छंद, असा आपल्याकडे एक समज आहे. मोहरा, होन, संस्थानिकांचे चांदीचे रुपये यांच्या किमती ऐकूनच सामान्य माणूस मागे सरतो. पण भाजीवाल्याकडून, किराणा दुकानातून जी चिल्लर रोज घरात येते, तिच्यातूनही उत्तम संग्रह उभा राहतो. रुपयाचे नाणे ठेवले तर अडकला तो एकच रुपया, आणि नड आली तर तोच दुकानात चालतो.

मुलांना प्रथम नाण्यावरचे साल वाचायला शिकवावे. मग सालाखाली बारकाईने पाहायला सांगावे. आपल्या देशात चार सरकारी टाकसाळी आहेत. बहुतेक नाण्यांवर सालाखाली हिऱ्याच्या आकाराची चौकट असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, भरीव ठिपका असेल तर नोएडाचे आणि कोणतीच खूण नसेल तर कोलकात्याचे. एवढे समजले की मुले मूठभर चिल्लर घेऊन तासभर गढून जातात.

घरातले जुने डबे आणि आजीची ट्रंकही पाहावी. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. तोवर रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे होत. त्यानंतर शंभर झाले. जुन्या पैशाशी गोंधळ नको म्हणून नाण्यावर ‘नये पैसे’ असे छापीत. १९६४ साली ‘नये’ हा शब्द गेला. कमळाचे पितळी वीस पैसे, गेंड्याचे पंचवीस पैसे अजूनही घरोघरी सापडतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली, म्हणून ती मुलांच्या हाती द्यायला हरकत नाही.

आपल्या घरांत एक नाणे हमखास जपलेले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली निघालेला तो एक रुपया. २०१५ साली १२५ व्या जयंतीनिमित्त दहा रुपयांचेही नाणे निघाले. ही दोन्ही नाणी रोजच्या व्यवहारात फिरली. त्यांचे मोल आपल्या मनात मोठे आहे, पण बाजारात ती दुर्मीळ नव्हेत. कोणी त्यांची भरमसाट किंमत सांगितली तर सावध राहावे.

कारण याच ठिकाणी गरिबाची फसवणूक होते. ‘अमुक चित्राचे नाणे द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिराती मोबाईलवर येतात. नंतर नोंदणी, कर, कमिशन अशी कारणे सांगून आपल्याकडूनच पैसे उकळतात. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण असले शुल्क कधीच मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर केले आहे. नाणे विकण्यासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

नाणी चिंच, राख किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नयेत. चमक येते, पण नक्षी झिजते. मळ असेल तर साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे आणि नाणे कडेने धरावे. प्रत्येक नाणे कागदी पाकिटात ठेवून वहीत रकाने आखावेत : अनुक्रमांक, किंमत, साल, टाकसाळ, कोठे मिळाले, तारीख. वहीशिवाय जमविलेली नाणी म्हणजे नुसता गल्ला.

एकाच सालाची, एकाच खुणेची दोन नाणी आली की दुसरे शेजारच्या मुलाला द्यावे, किंवा त्याच्याकडच्या नाण्याशी बदलून घ्यावे. वस्तीतल्या वाचनालयात रविवारी चार मुले वह्या घेऊन बसली, तर नव्याने सुरुवात करणाऱ्याला दहा नाणी सहज मिळतील. मोठ्या मुलांनी त्याला आधी भिंग द्यावे आणि सालाखालची खूण त्याची त्याला शोधू द्यावी.