बाळाचा प्रवासातला घास

लग्नसराई सुरू झाली की सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी असते. सात-आठ महिन्यांचं बाळ, आदल्या दिवशी लग्नाला नाहीतर कुलदैवताला जाऊन आलेलं, आणि रात्रीपासून उलट्या-जुलाब. काय खायला दिलं होतं, असं विचारलं की आई सांगते, "बाहेरचं काहीच दिलं नाही हो डॉक्टर, सगळं घरचंच होतं." आणि ते खरंच असतं. पहाटे पाचला शिजवलेलं खिमट डब्यात भरून नेलेलं असतं आणि दुपारी एकला भरवलेलं असतं. घरचं चांगलं, बाहेरचं वाईट, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय, की अन्न शिजून किती वेळ झाला हा प्रश्न कोणी विचारतच नाही. बाळाच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच असायला हवा.

शिजवलेलं, मऊ, ओलं अन्न जसं बाळाला मानवतं तसंच जंतूंनाही मानवतं. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात ते वाढतात. म्हणून शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. एप्रिल-मेच्या उन्हात, एसटीच्या टपाखाली, तासाभरापेक्षा जास्त भरवसा नको. "मग वाटेत गरम करून घेऊ" असं म्हणाल, तर भाताच्या बाबतीत त्यानेही भागत नाही. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजला तरी जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते वाढीला लागतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वासावरून किंवा चवीवरूनही ते कळत नाही.

थर्मासबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे हौसेने घोटाळा होतो. दूध किंवा पेज थर्मासमध्ये भरली, की ती चार-पाच तास छान कोमट राहते, आणि कोमट म्हणजे जंतूंना हवी तशी ऊब. थर्मास न्याच, पण त्यात फक्त उकळतं पाणी भरा. बाकी सगळं कोरडं न्या. कोरड्या पिठात पाणी नसतं, त्यामुळे जंतू वाढत नाहीत.

कोरडं काय न्यायचं? नेहमीच्या खिमटाची भरड चालणार नाही, ती चुलीवर शिजवावीच लागते. दोन वाट्या पातळ पोहे कुरकुरीत भाजा, त्यात एक वाटी डाळं घाला, बारीक दळा आणि चाळून घ्या. पोहे आणि डाळं दोन्ही आधीच उष्णता सोसून आलेले असतात, त्यामुळे त्यांना फक्त गरम पाणी लागतं. वाटीत तीन-चार चमचे पीठ घ्या, थर्मासमधलं पाणी ओता, पाच मिनिटं झाकून ठेवा, वर थोडं तूप घाला. ते चमच्यावरून हळूहळू घसरलं पाहिजे. पाण्यासारखं ओघळलं तर पोट भरेल, पण अंगी लागणार नाही. सात-आठ महिन्यांच्या बाळाला एका वेळी अर्ध्या वाटीपर्यंत पुरे. साळीच्या लाह्यांचं पीठही असंच चालतं. मात्र हे पीठ घरी आठवडाभर आधी देऊन पाहिलेलं असावं. नवा पदार्थ प्रवासाच्या दिवशी सुरू करू नये, कारण अंगावर पुरळ उठलं तर ते कशाने, हे कळत नाही.

सोबत दोन केळी घ्या. त्यांचं वेष्टण निसर्गानेच दिलेलं आहे. साल काढायची, चमच्याने कुस्करायची, लगेच भरवायची. साल काढून ठेवलेलं केळं किंवा गाडीवरची कापलेली पपई नको.

आणि सगळ्यात निर्धास्त अन्न आईजवळच असतं. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं, तरी वर्षाचं होईपर्यंत बाळाची निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा आईच्या दुधातून येऊ शकते. प्रवासात ते अधिक वेळा पाजावं. वरचं एखादं खाणं त्या दिवशी चुकलं तर काही बिघडत नाही, एवढं घरच्यांनी आईला सांगितलं तरी तिची निम्मी धावपळ वाचेल. एसटीच्या काही स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत, तिथे बसून पाजता येतं. जिथे ते नाहीत किंवा कुलूप लावलेले आहेत, तिथे सोबतच्या मंडळींनी आडोसा करून द्यावा. बाळाला बाटली लावून तो प्रश्न सोडवू नये, कारण बूच प्रवासात नीट स्वच्छ करताच येत नाही. वाटी-चमचा बरा. बाळ पावडरच्या दुधावर असेल, तर तीही मोजून कोरडीच न्या. उकळत्या पाण्यात कालवा, निववा, मनगटावर थेंब टाकून पाहा आणि मगच पाजा.

लग्नघरी एक सोय असते, ती कोणी वापरत नाही. पंगत बसायच्या आधी आचाऱ्याकडे जा आणि वाफाळता भात, फोडणी न दिलेलं वरण मागा. कोणी नाही म्हणत नाही. ते तिथेच मऊ कुस्करून, सोसेल इतकं निवलं की भरवा. पहाटेच्या डब्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. सांभाळायचं ते मावशी-आत्यांच्या बोटांपासून. जिलबीचा पाक, पेढ्याचा कण, चहात बुडवलेलं बिस्कीट, प्रत्येक जण प्रेमाने चाटवतो. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या बीजाणूंनी बाळाला क्वचित पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं घशात अडकतात.

एवढं करूनही जुलाब लागलेच, तर दूध थांबवू नका. क्षारसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात, मोठी असेल तर एक लिटरमध्ये, विरघळवा आणि चमच्या-चमच्याने पाजत राहा. बाळाला लघवी होईना, ते मलूल पडलं, शौचात रक्त दिसलं किंवा काहीच पोटात ठरेना, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच डॉक्टर गाठा.

घरी परतल्यावर डब्यातलं उरलेलं पीठ कोरडं असेल तर पुढच्या खेपेला चालेल. वाटीत कालवलेलं उरलं असेल, तर ते टाकून द्या. त्यात बाळाची लाळ गेलेली असते, ते पुन्हा भरवायचं नाही.