मोस्ताचा घुमट: बिशपांना पटला नाही, बॉम्बला पाडता आला नाही!

भूमध्य समुद्रातला माल्टा हा चिमुकला देश. तिथल्या मोस्ता गावच्या पॅरिश चर्चचा घुमट मात्र थेट विजापूरच्या गोल घुमटाच्या तोडीचा. आतला व्यास सुमारे 37 मीटर! नवअभिजात शैलीतल्या या ‘रोटुंडा’च्या काही भन्नाट गोष्टी:

चर्च की देऊळ? आराखडा बेतला रोमच्या पँथिऑनवरून. गोल दालन, वर घुमट, समोर खांबांची ओसरी. जुन्या रोमन देवांच्या मंदिराची ही नक्कल बिशप कारुआना यांना मुळीच पटली नाही. पण 1833 मध्ये पायाभरणी झालीच.

अटलांटिसवाले वास्तुकार. आराखडा जॉर्जो ग्रोन्ये द वासे यांचा. नेपोलियनच्या सैन्यात राहून आलेला हा गृहस्थ. समुद्रात गडप झालेल्या अटलांटिसचा उरलेला तुकडा म्हणजेच माल्टा, यावर त्यांचा ठाम विश्वास!

चर्चभोवती चर्च. सतराव्या शतकातलं जुनं चर्च न पाडता त्याच्याभोवतीच नवं उभारायला घेतलं. बाहेर भिंती चढत होत्या, आत प्रार्थना चालू होती. जुनी वास्तू पाडली ती 1860 मध्ये.

रविवारची हजेरी. गावकरी रविवारी आणि सणासुदीला फुकट राबायचे. घुमटाचं ओझं पेलायला भिंती सुमारे 9 मीटर जाड केल्या. अँजेलो गात या गवंड्याने तर परांची न बांधता घुमट चढवला. एकमेकांत अडकणाऱ्या दगडांचे थर रचत तो वर वर सरकत गेला.

आला, पडला, फुटला नाही. 9 एप्रिल 1942. सायंप्रार्थनेसाठी जमलेले सुमारे 300 लोक आत, आणि घुमट भेदून जर्मन बॉम्ब खाली! स्फोट झालाच नाही. खरा बॉम्ब समुद्रात बुडवला. त्याची प्रतिकृती चर्चमध्ये बघायला मिळते.

15 ऑगस्टचा योग. मोस्ताचा मोठा सण म्हणजे मेरीच्या स्वर्गारोहणाचा, 15 ऑगस्टचा. 1942 मध्ये नेमक्या याच दिवशी, दुसऱ्या महायुद्धातल्या वेढ्यात उपाशी पडलेल्या माल्टाच्या बंदरात ‘ओहायो’ हे मोडकळीला आलेलं तेलवाहू जहाज कसंबसं पोचलं. म्हणून ते ज्या मदत-ताफ्यातलं होतं, त्याचं तिथलं नाव ‘सांता मारिया’चा ताफा.

उशिरा का होईना... ज्या आराखड्यावर बिशपांनी नाक मुरडलं, त्याच चर्चला 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बॅसिलिकाचा मान दिला!