ओपिऑइड वेदनाशामके: ॲलर्जी कोणती, दुष्परिणाम कोणता

मॉर्फिन, कोडीन, पेथिडीन, ट्रॅमाडॉल आणि फेन्टॅनिल ही ओपिऑइड गटातली वेदनाशामके आहेत. मॉर्फिन आणि कोडीन अफूपासून मिळतात. कॅन्सर, मोठी शस्त्रक्रिया किंवा अपघात यांतल्या तीव्र वेदनांवर ही औषधे दिली जातात. ती घेतल्यावर त्रास झाला की ‘रिॲक्शन आली’ असे म्हटले जाते. मात्र खरी ॲलर्जी क्वचितच असते.

मळमळ, उलटी, गुंगी आणि बद्धकोष्ठता हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. डोस कमी करून किंवा उलटीचे औषध आणि रेचक देऊन ते आटोक्यात येतात. गाढ गुंगी येऊन श्वास मंदावणे हे मात्र औषध जास्त झाल्याचे लक्षण असते. त्यावर नॅलोक्सोन हा उतारा आहे.

अंगाला खाज, चेहऱ्यावर लाली, घाम किंवा अंगावर पित्त उठणे हा दुसरा प्रकार. मॉर्फिन, कोडीन आणि पेथिडीन त्वचेतल्या मास्ट पेशींमधून थेट हिस्टामिन बाहेर काढतात. त्यात ॲलर्जीच्या प्रतिपिंडांचा संबंध नसतो. इंजेक्शन सावकाश देणे, डोस घटवणे, हिस्टामिनविरोधी गोळी देणे किंवा फेन्टॅनिलसारखे औषध वापरणे हे त्यावरचे उपाय. सिझेरियनच्या वेळी पाठीच्या कण्यात मॉर्फिन दिल्यावर नाकाला, चेहऱ्याला सुटणारी खाज मज्जासंस्थेतून येते. तीही ॲलर्जी नव्हे.

खऱ्या तीव्र ॲलर्जीत साधारण काही मिनिटांतच ओठ, जीभ किंवा घसा सुजतो, दम लागतो, रक्तदाब घसरतो. अशा वेळी औषध लगेच थांबवून मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन द्यावे लागते. घरी असा त्रास झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

त्वचेवरील चाचणी इथे फारशी भरवशाची नसते, कारण हिस्टामिन सुटल्यानेही गांध उठते. गरज पडल्यास तज्ज्ञ रुग्णालयात देखरेखीखाली थोडा-थोडा डोस देऊन खात्री करतात. खरी ॲलर्जी ठरली तर वेगळ्या रासायनिक रचनेचे ओपिऑइड सावधपणे निवडले जाते.

मध्य प्रदेशातल्या धूलकोटसारख्या गावातला रुग्ण बऱ्हाणपूर किंवा इंदूरच्या रुग्णालयात गेला, की तिथल्या डॉक्टरांना जुनी हकिगत माहीत नसते. म्हणून औषधाचे नाव, डोस, किती वेळाने काय त्रास झाला आणि कशाने थांबला हे लिहून जवळ ठेवावे. नुसते ‘ॲलर्जी आहे’ एवढेच सांगितले, तर वेदनेवरचे उपयुक्त औषध विनाकारण नाकारले जाऊ शकते.