निवृत्ती न मानणाऱ्या पेशी

कार्ल्सरूहे या आमच्या शहराच्या नावाचा अर्थ 'कार्लची विश्रांती'. जर्मनमध्ये निवृत्तीलाही 'रूहेश्टांड' म्हणतात, म्हणजे विश्रांतीची अवस्था. तुमच्या-माझ्या रक्तातल्या काही पेशींना मात्र वय झालं तरी ही विश्रांती मान्य नसते, आणि काही जुनाट आजारांचं एक मूळ तिथे आहे.

रोगप्रतिकार यंत्रणेतल्या टी-पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. ही ग्रंथी म्हणजे त्यांची शाळाच. वयात आल्यानंतर ती आकसत जाते आणि तिथे चरबी साठते. नवे विद्यार्थी कमी झाले की शरीर जुन्याच पेशींचं विभाजन करून संख्या भरून काढतं. दर विभाजनागणिक गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टीलोमिअर, झिजत जातात.

तरुण टी-पेशीला हल्ल्यासाठी दोन परवानग्या लागतात. पहिली, शत्रूची ओळख. दुसरी, सीडी२८ या प्रथिनामार्फत मिळणारा होकार. पेशी म्हातारी झाली की तिच्यावरचं सीडी२८ नाहीसं होतं. मग ती गप्प बसायला हवी, असं तुम्हाला वाटेल. होतं उलटंच! ती सहजासहजी मरत नाही, दुसरेच संदेशग्राहक वापरू लागते आणि टीएनएफसारखी दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते. वयाबरोबर शरीरात धुमसणाऱ्या अशा मंद दाहाला इटालियन शास्त्रज्ञ क्लाउडिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली 'इन्फ्लमेजिंग' हे नाव दिलं.

पण आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, तिशी-चाळिशीतही होतो. मग वयाचा संबंध काय? कॉर्नेलिया वायांड आणि यॉर्ग गोरोंझी या मूळच्या जर्मन संशोधकांच्या अमेरिकेतल्या गटाने २००० सालीच दाखवलं, की आमवाताच्या रुग्णांच्या टी-पेशींचे टीलोमिअर वयाच्या मानाने फार लवकर झिजलेले असतात. आजाराच्या लढाईत न उतरलेल्या कोऱ्या पेशींचेसुद्धा! म्हणजे ही झीज केवळ सांध्यांतल्या धुमश्चक्रीमुळे होते, असं म्हणता येत नाही.

त्यात एक दुष्टचक्रही आहे. टीएनएफमुळे आणखी पेशींवरचं सीडी२८ कमी होतं, आणि अशा पेशी आणखी टीएनएफ सोडतात. टीएनएफ रोखणाऱ्या औषधांनी दाह उतरतो, शिवाय सीडी२८ काही प्रमाणात परतही येतं.

आता भारतातल्या आईच्या फोनकडे वळू. तिला आमवात आहे आणि कुणीतरी 'इम्युनिटी वाढवणारा' काढा सुचवलाय. तिला सांगा, तुझी प्रतिकारशक्ती एकाच वेळी थकलेली आहे आणि भडकलेलीही. ती नुसती 'वाढवणं' हा उपाय नाही, आणि काढ्याच्या भरवशावर चालू औषधं बंद करणं तर धोक्याचं. बोटं एकदा वाकडी झाली की औषधाने सरळ होत नाहीत.

थकलेल्या बाजूसाठी मात्र करण्याजोगं काही आहे. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून बसतो आणि पहारा ढिला पडला की नागीण होऊन उठतो. जर्मनीच्या लसीकरण आयोगाने डिसेंबर २०१८ पासून साठीवरच्या सर्वांना नागिणीची लस सुचवली आहे. आमवातासारखा आजार असल्यास त्याहूनही लवकर. २०२३ पासून ही लस भारतातही मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे आमवाताची औषधं चालू असतानाही ती देता येते. कधी घ्यायची, हे आईच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत जरूर विचारा.