कंपन संवेदकांचे अंशशोधन आणि देखभाल

कंपन संवेदकांचे अंशशोधन आणि देखभाल म्हणजे टर्बाइन, पंप, कॉम्प्रेसर, पंखे, विद्युत जनित्रे यांसारख्या फिरत्या यंत्रांचे कंपन मोजणारे संवेदक व त्यांना जोडलेली निरीक्षण यंत्रणा अचूक आणि विश्वासार्ह राहावी यासाठी केली जाणारी कामे. संवेदकाचे ज्ञात कंपनाशी ताडून पाहणे (अंशशोधन, म्हणजेच कॅलिब्रेशन), त्याची योग्य बसवणी, केबल व जोडण्यांची तपासणी, दोषनिदान, इशारा व बंद-आज्ञा देणाऱ्या परिपथांची चाचणी आणि या सर्वांच्या नोंदी यांचा त्यांत समावेश होतो. यंत्र चालू ठेवायचे की थांबवायचे, हा निर्णय अनेकदा कंपनाच्या वाचनावर अवलंबून असतो. त्यामुळे सदोष संवेदक दोन प्रकारे धोकादायक ठरतो. तो खरा बिघाड लपवू शकतो, किंवा वारंवार खोटे इशारे देऊन कर्मचाऱ्यांचा यंत्रणेवरील विश्वास घालवू शकतो.

पार्श्वभूमी

काही स्फटिकांवर दाब दिल्यास त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत प्रभार निर्माण होतो, हे झाक क्युरी आणि पिएर क्युरी या फ्रेंच बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. हा दाबविद्युत परिणाम आजच्या बहुतेक औद्योगिक त्वरणमापकांचा पाया आहे. यंत्राचे किती कंपन स्वीकारार्ह मानावे, याविषयी टी. सी. रॅथबोन या अमेरिकन अभियंत्याने १९३९ मध्ये मांडलेला आलेख प्रसिद्ध आहे. रॅथबोन यंत्रांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत काम करत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोनाल्ड बेंटली यांच्या कार्यामुळे शाफ्टला स्पर्श न करता त्याची हालचाल मोजणारे प्रोब मोठ्या टर्बोयंत्रांवर रूढ झाले.

संवेदकांचे प्रकार

कंपन हे विस्थापन, वेग किंवा त्वरण या तीनपैकी कोणत्याही राशीत मोजता येते. त्यानुसार संवेदकांचे तीन मुख्य प्रकार आढळतात.

त्वरणमापकात दाबविद्युत स्फटिक किंवा सिरॅमिकवर एक लहान वस्तुमान बसवलेले असते. यंत्र कंप पावले की वस्तुमानाच्या जडत्वामुळे स्फटिकावर बल येते आणि त्वरणाच्या प्रमाणात प्रभार निर्माण होतो. बहुतेक औद्योगिक त्वरणमापकांत सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक परिपथ आतच बसवलेला असतो. त्यांची प्रचलित संवेदनशीलता प्रति 'जी' १०० मिलिव्होल्ट असते. येथे 'जी' म्हणजे गुरुत्वीय त्वरण, सुमारे ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग. अतिशय उष्ण जागी आतील परिपथ टिकत नाही. तेथे केवळ प्रभार देणारे संवेदक वापरतात आणि प्रवर्धक दूर ठेवतात.

वेगमापकात चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या सापेक्ष हालचालीमुळे विद्युतदाब निर्माण होतो. त्याला बाहेरून वीज लागत नाही. मात्र त्यातील स्प्रिंग व हलते भाग कालांतराने झिजतात.

प्रॉक्सिमिटी प्रोब, म्हणजे निकटता संवेदक, बेअरिंगजवळ बसवतात. त्याच्या टोकातील वेटोळे शाफ्टच्या पृष्ठभागात भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युत प्रवाह, म्हणजे एडी करंट, निर्माण करते. प्रोब व शाफ्ट यांतील अंतरानुसार जोडलेल्या परिपथाचा विद्युतदाब बदलतो. यातून शाफ्टचे कंपन आणि त्याची बेअरिंगमधील सरासरी जागा या दोन्ही गोष्टी कळतात.

अंशशोधनाचे तत्त्व

अंशशोधन आणि समायोजन या भिन्न क्रिया आहेत. अंशशोधनात संवेदकाला ज्ञात कंपन देऊन त्याचे उत्तर मोजतात आणि त्या मापनातील अनिश्चिततेसह नोंदवतात. आढळलेला फरक दूर करण्यासाठी यंत्रणेत केलेला बदल म्हणजे समायोजन. बहुतेक त्वरणमापकांत समायोजनाची सोयच नसते. प्रमाणपत्रावरील नवी संवेदनशीलता निरीक्षण यंत्रणेत भरावी लागते, किंवा संवेदक बदलावा लागतो.

संवेदनशीलतेतील घट निर्णयावर कसा परिणाम करते, हे एका उदाहरणावरून कळते. आयएसओ १०८१६-३ या मानकात ३०० किलोवॅटपेक्षा जास्त क्षमतेच्या व दृढ पायावर बसवलेल्या यंत्रांसाठी दीर्घकाळ चालवण्यास योग्य आणि अयोग्य या विभागांमधील सीमा ४.५ मिलिमीटर प्रति सेकंद अशी दिलेली होती. अशा यंत्राचे खरे कंपन ५.० असेल आणि संवेदकाची संवेदनशीलता २० टक्क्यांनी घटली असेल, तर पडद्यावर ४.० हा आकडा दिसतो. यंत्र सीमेपलीकडे गेलेले असते, पण नोंदवहीत ते सीमेच्या आत राहते. ही मानकमालिका आता आयएसओ २०८१६ या मालिकेत सामावली जात आहे.

अंशशोधनाच्या पद्धती

प्राथमिक अंशशोधन: कंपन-उत्तेजकाच्या, म्हणजे शेकरच्या, पटलाची हालचाल लेसर व्यतिकरणमापनाने मोजली जाते. हेलियम-निऑन लेसरची ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबी येथे मोजपट्टीचे काम करते. त्यामुळे संवेदकाची संवेदनशीलता थेट लांबी व काळ यांच्या एककांशी जोडली जाते. ही पद्धत आयएसओ १६०६३-११ मध्ये दिली असून ती प्रामुख्याने राष्ट्रीय मापन संस्था वापरतात.

तुलनात्मक अंशशोधन: प्राथमिक पद्धतीने तपासलेला संदर्भ त्वरणमापक आणि तपासायचा संवेदक एकमेकांना पाठीला पाठ लावून एकाच उत्तेजकावर बसवतात. दोघांना एकच कंपन मिळत असल्याने त्यांच्या उत्तरांच्या गुणोत्तरावरून अज्ञात संवेदनशीलता निघते. वारंवारता बदलत ही क्रिया पुन्हा केल्यास संवेदकाचा वारंवारता-प्रतिसाद मिळतो. केवळ एका वारंवारतेवरील तपासणीत अनुस्पंदनाजवळचे किंवा अतिमंद कंपनातील दोष लपून राहू शकतात. या पद्धतीचे नियम आयएसओ १६०६३-२१ मध्ये आहेत.

कार्यस्थळावरील तपासणी: हाती धरता येणारे लहान उत्तेजक बहुधा १५९.२ हर्ट्झ या वारंवारतेवर चालतात. या वारंवारतेचा कोनीय वेग १,००० रेडियन प्रति सेकंद असल्याने हिशेब सोपा होतो. १० मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण म्हणजे १० मिलिमीटर प्रति सेकंद वेग आणि १० मायक्रोमीटर विस्थापन. एकाच चाचणीत तिन्ही राशींची वाचने पडताळता येतात. ही तपासणी प्रयोगशाळेतील अंशशोधनाची जागा घेत नाही. मात्र संवेदकापासून पडद्यापर्यंतची संपूर्ण साखळी बरोबर आहे का, हे तिच्यातून कळते.

प्रॉक्सिमिटी प्रोबची तपासणी: मायक्रोमीटरला जोडलेल्या पोलादी चकतीसमोर प्रोब धरून अंतर ठराविक टप्प्यांनी वाढवतात आणि प्रत्येक टप्प्याचा विद्युतदाब नोंदवतात. मिळालेल्या रेषेचा उतार म्हणजे संवेदनशीलता. तिचे प्रचलित मूल्य ७.८७ व्होल्ट प्रति मिलिमीटर आहे. त्यानुसार शाफ्टचे ५० मायक्रोमीटर शिखर-ते-शिखर कंपन सुमारे ०.३९ व्होल्ट इतका बदल दाखवते. हे मूल्य सामान्यतः एआयएसआय ४१४० या पोलादासाठी असते. शाफ्टचा धातू वेगळा असल्यास त्याच धातूच्या चकतीवर तपासणी करावी लागते. प्रोब, जोडकेबल आणि परिपथ-पेटी यांची विद्युत लांबी एकमेकांशी जुळवलेली असते. ५ मीटरच्या संचात ९ मीटरच्या संचाची केबल लावल्यास यंत्रणा चालू दिसते, पण वाचन चुकते.

बसवणी

प्रयोगशाळेत अचूक ठरलेला संवेदक चुकीच्या बसवणीमुळे यंत्रावर चुकीचे वाचन देऊ शकतो. सपाट, स्वच्छ पृष्ठभागावर स्टडने घट्ट केलेला संवेदक सर्वांत विस्तृत वारंवारतापल्ला देतो. चिकटद्रव्य, चुंबक आणि हाताने टेकवलेला प्रोब या क्रमाने उपयुक्त पल्ला घटत जातो. हाताने टेकवलेल्या प्रोबचे सुमारे १,००० हर्ट्झच्या वरचे वाचन विश्वासार्ह मानले जात नाही. बेअरिंग किंवा गिअरच्या दातांतील सुरुवातीचे दोष मात्र बहुधा उच्च वारंवारतेतच दिसतात. रंगाचा थर, गंज किंवा सैल स्टड यांमुळेही उच्च वारंवारतेचे संकेत क्षीण वा विकृत होतात. स्टड निर्मात्याने सांगितलेल्या पिळाइतकाच आवळावा लागतो. बसवणीचे मार्गदर्शन आयएसओ ५३४८ या मानकात आहे.

देखभाल आणि दोषनिदान

संवेदक हाताळताना सर्वांत मोठा धोका आघाताचा असतो. हातातून काँक्रीटच्या जमिनीवर पडलेल्या त्वरणमापकाला क्षणभर हजारो 'जी' इतका आघात बसू शकतो. बाहेरून ओरखडाही न दिसता आतील स्फटिकाला तडा जाऊ शकतो. त्यामुळे पडलेला संवेदक पुन्हा तपासल्याशिवाय वापरत नाहीत.

अंतर्गत परिपथ असलेल्या त्वरणमापकाचे आरोग्य त्याच्या स्थिर विद्युतदाबावरून, म्हणजे बायस व्होल्टेजवरून, पटकन ओळखता येते. निरोगी संवेदकात हा दाब सामान्यतः ८ ते १४ व्होल्टच्या दरम्यान राहतो. तो शून्याजवळ आला तर केबल किंवा जोडणीत लघुपरिपथ असण्याची शक्यता असते. तो पुरवठ्याइतका, म्हणजे सुमारे २४ व्होल्ट, दिसला तर परिपथ कोठेतरी तुटलेला असतो. दाब हळूहळू सरकत असेल तर उष्णता किंवा ओलाव्यामुळे आतील परिपथ खराब होत असल्याची शंका घेतली जाते. योग्य दाब हा मात्र संवेदनशीलता योग्य असल्याचा पुरावा नव्हे.

प्रत्यक्षात अनेक दोष संवेदकात नसून केबलमध्ये असतात. केबलचे संरक्षक आवरण दोन्ही टोकांना भूसंपर्कित केल्यास भूवलय तयार होते आणि वाचनात ५० हर्ट्झ व त्याच्या पटीतील खोटे घटक येतात. कनेक्टरमध्ये तेल किंवा पाणी शिरल्यास अतिमंद वारंवारतेचा गोंगाट वाढतो. त्वरणाचे वेगात रूपांतर करताना हा गोंगाट मोठा होतो आणि कंपनपटाच्या डाव्या टोकाला घसरगुंडीसारखा उतार दिसतो. असा उतार दिसल्यास यंत्राआधी संवेदक व जोडणी तपासतात. केबलचा विद्युतरोध उच्च दाबाच्या मेगरने तपासण्यापूर्वी संवेदक वेगळा करणे आवश्यक असते, अन्यथा आतील परिपथ जळतो.

निरीक्षण यंत्रणेची चाचणी

संवेदकाकडून आलेला संकेत निरीक्षण यंत्रणा दोन मर्यादांशी ताडून पाहते. पहिल्या मर्यादेवर इशारा दिला जातो आणि दुसऱ्या मर्यादेवर यंत्र बंद करण्याची आज्ञा दिली जाते. पेट्रोलियम व रसायन उद्योगांत अशा संरक्षक यंत्रणांसाठी एपीआय ६७० हे मानक वापरले जाते. चाचणीत कृत्रिम संकेत देऊन वाचन, विलंबकाल, रिले आणि नियंत्रणकक्षातील सूचना यांची क्रमाने पडताळणी करतात. यंत्र चालू असताना चाचणी करायची असल्यास बंद-आज्ञा तात्पुरती रोखून ठेवावी लागते. ती लेखी परवानगीनेच रोखली जाते आणि काम संपल्यावर पूर्ववत केल्याची नोंद केली जाते. रोखलेली आज्ञा तशीच राहिली, तर वाचन अचूक असूनही यंत्राला संरक्षण उरत नाही.

कालावधी आणि नोंदी

अंशशोधन किती काळाने करावे, याचा सर्वांना लागू होणारा एकच नियम नाही. संदर्भ संवेदक बहुधा दरवर्षी तपासले जातात. यंत्रांवरील संवेदकांचा कालावधी तापमान, यंत्राचे महत्त्व आणि पूर्वीच्या तपासण्यांचे निष्कर्ष पाहून ठरवतात. कायम बसवलेले संवेदक काढण्याची संधी मुख्यतः यंत्र थांबल्यावरच मिळते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत गळीत हंगाम संपल्यानंतरचा दुरुस्तीचा काळ अशा कामांसाठी सोयीचा असतो.

प्रत्येक संवेदकाच्या नोंदीत अनुक्रमांक, बसवणीची जागा, आढळलेली स्थिती, समायोजनानंतरची स्थिती, वापरलेले संदर्भ उपकरण आणि अनिश्चितता असावी लागते. आढळलेली स्थिती नोंदवली नाही, तर मागील काळातील वाचने किती विश्वासार्ह होती हे नंतर ठरवता येत नाही.

सायानो-शुशेन्स्काया दुर्घटना

रशियातील येनिसेई नदीवरील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचे झाकण उखडले गेले. यंत्रगृहात पाणी शिरले आणि ७५ जणांचा मृत्यू झाला. झाकण धरून ठेवणाऱ्या स्टडांपैकी तपासलेल्या ४९ मध्ये ४१ स्टडांना थकव्यामुळे तडे गेल्याचे आढळले. सरकारी चौकशी अहवालात दुर्घटनेपूर्वी टर्बाइन बेअरिंगच्या एका संवेदकाने १६० मायक्रोमीटर या मर्यादेच्या तुलनेत ८४० मायक्रोमीटर कंपन दाखवल्याची नोंद आहे.

पुढे या वाचनाच्या विश्वासार्हतेवरच वाद झाला. यंत्र थांबलेले असतानाही हा संवेदक मोठे कंपन दाखवत होता आणि इतर संवेदकांत तशी वाढ नव्हती, असा आक्षेप घेण्यात आला. संवेदकाची स्थिती निर्विवादपणे सिद्ध करता येत नसेल, तर त्याचे वाचन दुर्घटनेपूर्वी निर्णयासाठी आणि दुर्घटनेनंतर पुरावा म्हणूनही अपुरे पडते, हे या वादातून दिसते.

भारतातील व्यवस्था

भारतात नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा ही राष्ट्रीय मापन संस्था असून कंपनाची प्रमाणे ती सांभाळते. उद्योगांना सेवा देणाऱ्या अंशशोधन प्रयोगशाळांना आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार एनएबीएल ही संस्था मान्यता देते. कारखान्यातील संवेदकापासून राष्ट्रीय प्रमाणापर्यंतच्या तुलनांच्या अखंड साखळीला अनुरेखनीयता म्हणतात. साखळीतील प्रत्येक पायरीची अनिश्चितता ज्ञात असेल, तरच शेवटच्या वाचनाची अनिश्चितता सांगता येते.

हेही पाहा

कंपन
दाबविद्युत
मापनशास्त्र
त्वरणमापक